पाचव्या कैचीतला एकशे अठरा नंबर

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. कोणाला गाडीच्या मागच्या सीटवर बाई दिसते, कोणाच्या घरी बंद पडलेलं घड्याळ ठोके देतं... मी हे आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, "बरं, पण डेटा कुठे आहे?" आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. डेटा माझ्याकडे आहे, फक्त त्याचं काय करायचं ते कळत नाही.

मी भिलाईची. आजोबा भंडाऱ्याकडून इकडे प्लांटमध्ये कामाला आले, मग बाबाही तिथेच लागले. आम्ही बौद्ध. घरात नवस नाही, उपास नाही, अंगात येणं नाही आणि भूत-प्रेत तर नाहीच नाही. लहानपणी क्वार्टरच्या मागच्या चिंचेवर काहीतरी आहे असं मी एकदा म्हटलं, तर बाबांनी मला पाटी-पेन्सिल देऊन झाडाखाली बसवलं. जे दिसेल ते लिहून आण म्हणाले. मी दोन तासांत सात खारी आणि एक कावळा लिहून आणला होता.

दुर्गच्या एका खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात मी स्ट्रक्चर्स शिकवते. म्हणजे काय, तर इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरमध्ये रेषांचा सांगाडा करून उभी करायची, तिच्यावर वजन ठेवायचं, वारा सोडायचा, आणि कोणत्या भागावर किती ताण येतो ते बघायचं. जो भाग कमी पडतो तो लाल दिसतो. मुलांना रंगीत चित्र आलं की वाटतं झालं, हेच सत्य. म्हणून दरवर्षी पहिल्या तासाला मी एक वाक्य फळ्यावर लिहिते - मॉडेलला तेवढंच माहीत असतं जेवढं तुम्ही त्याला सांगता. या वाक्यावर माझी नोकरी चालते म्हणा ना.

गेल्या वर्षी रिसालीतल्या आमच्या विहाराला लागून नवा हॉल बांधायचं ठरलं. जयंतीला खुला करायचा होता. भिंती गवंड्याने बांधल्या, पण छप्पर वस्तीतल्या रिटायर लोकांनी श्रमदानातून घ्यायचं ठरवलं. आमच्या वस्तीत रिटायर माणूस म्हणजे कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी क्रेनवाला... त्यांना बाहेरचा फॅब्रिकेटर आणलेला कसा चालेल? छताला लोखंडी अँगलच्या सात कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे त्रिकोणी सांगाडे, होत्या. डिझाईन मी केलं आणि पुढे तेच मॉडेल फायनल इयरला शिकवायला घेतलं. आपल्या गल्लीतलं खरं काम असलं की मुलं जांभया कमी देतात.

वेल्डिंग दोघांकडे होतं. एक माझे बाबा, वय अडुसष्ट, आणि दुसरे त्यांचे प्लांटच्या वेल्डिंग शॉपमधले जोडीदार गजभिये काका, जे विहार कमिटीचे अध्यक्षही आहेत. यांच्या शॉपची एक रीत होती. प्रत्येक वेल्डरला नंबरचा पोलादी पंच मिळायचा. जोड पूर्ण झाला की शेजारी तो पंच ठोकायचा, म्हणजे जोड कोणाचा ते कायमचं लोखंडावर राहायचं. बाबांचा नंबर बासष्ट. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन येतात, बाबा पंच घेऊन आले. श्रमदानात कोण पंच मारतं? पण या दोघांनी मारला.

आणि बासष्ट नंबर पडला की पुढे कोणी तो जोड बघायचा नाही. तीस वर्षांत बाबांचा एकही जोड परत आला नव्हता, असं काका सगळ्यांना सांगायचे. त्यामुळे पंच दिसला की पेंटवाला लगेच रेड ऑक्साइडचा ब्रश फिरवायचा. मी इंजिनीअर, मी तरी तपासायला हवं होतं की नाही? नाही तपासलं. बाबांचा जोड मी काय तपासणार, असंच मलाही वाटलं.

माझ्या मॉडेलची मात्र बाबा मनसोक्त थट्टा करायचे. "तुया कॉम्प्युटरनं कधी हातात होल्डर धरला का? डोळ्यात कधी चटका बसला का त्याच्या?" मी म्हणायचे, तुमचा अंदाज चुकू शकतो, याचा नाही. ते पेपर नाकाजवळ धरून वाचत वाचत हसायचे. चष्म्याचा नंबर वाढला असेल, डॉक्टरकडे चला, असं मी दोनदा म्हटलं होतं. "जयंती होऊन जाऊ दे, मंग पाहू," एवढंच उत्तर.

आता तो गुरुवार. सकाळी अकराचा तास. लॅबमध्ये प्रोजेक्टर लावून मी विहाराची फाईल उघडली, अ‍ॅनालिसिस चालवलं, आणि पाचवी कैची लाल. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "हे शक्य नाही." या कैच्या मी स्वतः तपासलेल्या, कुठेही पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर ताण नव्हता. मोठं करून बघितलं तर भिंतीजवळचा तिरपा अँगल जागेवर नव्हता. सांगाड्यातल्या प्रत्येक दांडीला आम्ही मेंबर म्हणतो; हा मेंबर नंबर एकशे अठरा. यादीत एकशे सतरा होता, त्यानंतर थेट एकशे एकोणीस. मागच्या बाकावरच्या एका मुलीने "मॅमची मिस्टेक" म्हणत पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला. मला राग आला, पण चूक माझीच असणार होती. चुकून डिलीट दाबलं असेल.

परत टाकला. या सॉफ्टवेअरमध्ये नवीन मेंबर टाकला की त्याला शेवटचा नंबर मिळतो, म्हणून हाताने बदलून एकशे अठरा केला. सगळं हिरवं झालं. सेव्ह केलं.

शुक्रवारी उघडलं, तर एकशे अठरा नाही.

आमच्या लॅबचे साहू भैया साधे माणूस. त्यांनाच आधी झापलं. ते बिचारे हात जोडून म्हणाले, "मैं तो हाथ घलो नइ लगाए हँव मैडम." मग त्यांनी व्हायरस बघितला, सर्व्हर बघितला, कोण कधी लॉगिन झालं ते बघितलं. गुरुवारनंतर ती फाईल माझ्याशिवाय कोणी उघडलेलीच नव्हती. मी पुन्हा मेंबर टाकला, फाईलला पासवर्ड लावला आणि घरी आले. शनिवारी पुन्हा गायब.

मग मला चेव आला. माझ्या घरच्या कपाटात एक पेनड्राइव्ह होता, त्यात डिझाईन पूर्ण झालं त्या दिवशीची कॉपी होती. तो पेनड्राइव्ह त्यानंतर कशालाच लावलेला नव्हता. रविवारी दुपारी तो घरच्या लॅपटॉपला लावला. लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं होतं. फाईलची तारीख तीच जुनी, वेळ तीच, साईझ तीच... आणि आत एकशे अठरा नाही. त्याच दिवशी काढलेली छापील प्रत मात्र माझ्या फायलीत होती. तिच्यात एकशे अठरा होता, लांबी, ताण, सगळ्यासकट. मी दोन्ही शेजारी ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

मी घाबरले नव्हते, हे लिहून ठेवते. मी चिडले होते. वीस वर्षं जे शिकवतेय त्यात ही गोष्ट कुठे बसवायची ते कळत नव्हतं आणि ते मला सहन होत नव्हतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या माणसाला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून विचारलं, "मॅडम, आप ठीक तो हैं?"

इकडे विहारावर सातही कैच्या चढल्या, पत्रे बसले. बाबांचं काम संपलं होतं, तरी ते रोज दहा वाजता जाऊन नव्या हॉलमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. जेवायलाच घरी यायचे. गजभिये काका त्यांना वॉचमन म्हणायला लागले होते. मला वाटायचं, माणूस आपल्या कामाकडे बघत बसलाय, बसू दे. घरी बोलणं कमी झालं होतं, पण एप्रिलच्या उन्हात आमच्याकडे कोण बोलतं?

पुढच्या शनिवारी कॉलेजला सुट्टी होती. बाबा बीपीची गोळी विसरून गेले म्हणून ती द्यायला मी विहारावर गेले. हॉलमध्ये काका इलेक्ट्रिशियनला पंखे कुठे लावायचे ते दाखवत होते. मोठे, जड पंखे, दानात मिळालेले. इलेक्ट्रिशियनने कैच्यांवर खडूने खुणा केल्या होत्या. त्यातली एक खूण भिंतीपासून पाचव्या कैचीवर होती आणि तिच्याच खाली बाबांची खुर्ची होती.

मी वर बघितलं. भिंतीजवळचा तिरपा अँगल. नऊ दिवस मी तो कॉम्प्युटरमध्ये शोधत होते आणि तो माझ्या डोक्यावर होता, छान लाल रंग लावलेला. मला माझंच हसू आलं. हा तर आहे ना जागेवर, मग कसली काळजी? पण सहा दिवसांवर जयंती आली होती. या छपराखाली तीनशे माणसं बसणार, बायका लेकरं घेऊन बसणार. मी काकांना म्हटलं, शिडी आणि हातोडी द्या.

"कावून?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. जमेल तेवढं नीट सांगितलं - फाईल, मेंबर, पेनड्राइव्ह. सांगताना माझ्याच कानाला ते वेडेपणाचं वाटत होतं. काका ऐकून घेत होते, पण चेहऱ्यावर नाराजी दिसत होती.

"बेटा, तिथं बासष्ट हाय," ते म्हणाले. "बासष्टले ठोकून पायतात का? चार लोक पायतील तं काय म्हणतील?"

तेव्हा बाबा खुर्चीवरून उठले. त्यांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

"ठोकू दे तिले," ते म्हणाले.

मी चढले. वरच्या टोकाला हातोडी मारली, खणखणीत आवाज आला. खालच्या टोकाला मारली, तर बसका. पुन्हा मारली, पुन्हा तोच. पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडला. जोड पूर्ण करायच्या आधी अँगल नुसता धरून ठेवायला दोन थेंब टाकतात, टॅक म्हणतात त्याला. तिथे तेवढे दोन थेंबच होते. बाकी फट, रंगाने भरलेली. आणि शेजारी, अगदी सरळ, सुबक, बासष्ट.

खाली काका, इलेक्ट्रिशियन, पाण्याची टाकी बसवणारे दोघे, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बाबा बघत नव्हते. ते फरशीकडे बघत होते. मला एक क्षण असं वाटलं की काही नाही म्हणावं, खाली उतरावं आणि संध्याकाळी काकांना एकट्यात सांगावं. तीस वर्षांचं नाव होतं त्यांचं. मी तोंड उघडायच्या आधी बाबाच बोलले.

"नाई झाला ना तो?"

"नाही बाबा."

ते मान हलवत राहिले. मग खिशातून पंच काढून काकांच्या हातात दिला. "जिथं जिथं बासष्ट हाय, सगळे पाय. एक पण सोडू नको."

काका काहीतरी म्हणायला गेले, जुन्या दिवसांचं असावं. बाबांनी हात वर केला. "गजू, मले दिसत नाई. साल झालं. बोटानं चाचपून करून राहिलो होतो."

मी शिडीवरच उभी होते. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून मला हे माहीत नव्हतं, याची लाज वाटली आणि आजही वाटते. दोन थेंबांवर बोट फिरवून त्यांना जोड झाला असं वाटलं असणार, असा मी अंदाज केला.

तो जोड काकांनी त्याच दुपारी पूर्ण केला. बासष्ट घासून काढायचा हट्ट बाबांनी धरला, काकांनी ऐकला नाही. त्यांनी शेजारी आपला एकाहत्तर ठोकला आणि म्हणाले, "आता दोघं जबाबदार. चाल, चहा पिऊ." रविवारी दिवसभर बाबांचे बाकीचे चोपन्न जोड तपासले. सगळे पक्के निघाले. फक्त तो एक.

सोमवारी लॅबमध्ये गेले, साहू भैयांना शेजारी बसवलं आणि फाईल उघडली. एकशे अठरा जागेवर. मी टाकलेला नाही. घरी येऊन पेनड्राइव्ह लावला. एकशे अठरा जागेवर, तारीख तीच जुनी. आता मी कोणाला काय दाखवणार? म्हणजे डेटा आहे म्हणाले, तो एवढाच उरला होता - त्या मुलीच्या मोबाईलमधला फोटो. तो मी मागून घेतला आहे. पाचवी कैची लाल, एक रेषा कमी, यादीत एकशे सतरानंतर एकशे एकोणीस. वेळ अकरा वीस.

काकांना विचारलं, पाचवी कैची कधी झाली? त्यांच्या डायरीत गुरुवार आहे. "अकराच्या चहाआधी पंच मारला त्यानं," ते म्हणाले. "चहा पिताना बोललाच नाई काही, म्हणून लक्षात हाय."

मी यावर फार डोकं चालवलं. मीच कधी तो अर्धवट जोड बघितला असेन आणि नकळत मेंबर काढत असेन? पण बुधवारपर्यंत तो अँगल कापलेलाच नव्हता. फाईल बिघडली असेल? मग तीनशेतला तोच एक मेंबर का, आणि दोन्ही ठिकाणी एकसारखा कसा? कोणी खोडी केली? कपाटातल्या पेनड्राइव्हमध्ये, तारीख न बदलता? आमच्या कॉलेजात एवढं हुशार कोणी असतं तर मला आनंदच झाला असता. जो जो मुद्दा मांडते तो दुसऱ्या मुद्द्याने मोडतो, आणि मी पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसते.

जयंती झाली. हॉल भरला. बायका-पोरं पंख्याखाली दाटीने बसली होती. संध्याकाळी अशी आंधी आली की पत्रे खडखडले आणि शेजारचा मंडप उडून नाल्यापर्यंत गेला. आत वंदना चालू राहिली.

मे महिन्यात बाबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. हिरवी पट्टी गेल्यावर एक दिवस ते स्वतःहून माझ्या लॅपटॉपजवळ आले आणि म्हणाले, दाखव तुही कैची. मी माऊस त्यांच्या हातात दिला. त्यांनी मॉडेल हळूहळू फिरवलं, वरून बघितलं, खालून बघितलं. पाचव्या कैचीशी थांबले. तो तिरपा अँगल मी दाखवायच्या आधीच त्यांनी ओळखला.

"किती दिवस नव्हता हा?"

"नऊ. गुरुवारपासून त्या शनिवारपर्यंत."

त्यांनी माऊस बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पंच मारला तवाच बोट सांगून राहिलं होतं, झाला नाई. पण सगळे उभे होते, पेंटवाला ब्रश घेऊन उभा. म्हटलं, मंग पाहू. मंग कैची चढली वर. रोज घरून ठरवून जाऊन राहिलो होतो, आज गजूले सांगतो. तिथं गेलो की तोंडच उघडे ना."

"म्हणून तिथे बसायचे?"

"पडली असती तं पयले माह्या अंगावर पडाले पायजे. तेवढंच हातात होतं."

मी स्क्रीनकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मग त्यांनी मला पडलेलाच प्रश्न विचारला, अगदी साध्या आवाजात. "याले कोणं सांगतलं?"

मला माहीत नाही. कोणाला कळलं तर या सदरातून कळवा, मी हसणार नाही. भूत म्हणायला माझी जीभ रेटत नाही आणि योगायोग म्हणायला तो फोटो आड येतो. नवीन वर्ष सुरू झालं, पहिल्या तासाला मी ते नेहमीचं वाक्य फळ्यावर लिहायला घेतलं आणि 'मॉडेलला तेवढंच माहीत असतं' इथेच थांबले. मुलांना वाटलं खडू संपला. त्या नऊ दिवसांत बाबांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसून रोज जेवत होते, तरी मला कळलं नव्हतं.